बंब, इस्त्री आणि वन्संचा मुक्काम

३ नोव्हेंबर

आज घरात आलेल्या वस्तू: अंगाचा साबण, चार वड्या, ४८. दिव्याचं तेल, अर्धा किलो, ६५. इस्त्रीची नवी वायर, ५४ (पैसे वन्संनी दिले, मी घेतले नाहीत, त्यांनी पिठाच्या डब्याखाली ठेवले, मला दुपारी सापडले). विजेचं बिल एक, १,१४६. थोरल्या भाऊजींचं पत्र एक, फुकट. आजच्या यादीत तेच सगळ्यात महाग पडणार असं दिसतं.

नवी वही आहे, तेव्हा हिशेबात आधी खाती मांडतात तशी माणसं मांडून ठेवते. हे, वजनमापं तपासायच्या कचेरीत. चिमणी, आमची मुलगी, नववीत. दिवा लावता येतो, बंद करता येत नाही. वन्सं, यांची धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून आमच्याकडे असतात आणि मागच्या खोलीत गल्लीतल्या लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतात. आणि मी. मॅट्रिक, गणितात पहिली.

भाऊजी लिहितात, "तुमचं बिल फार येतं असं कानावर आलं. इस्त्री म्हणजे वीज खाणारा राक्षस. बहिणीला इकडे पाठवा. दुकानापुढचा ओटा रिकामा आहे. शिवाय मुलं लहान आहेत." त्या 'शिवाय'मध्ये सगळं पत्र आलं. खाली जाऊबाईंच्या अक्षरात, "सकाळचा स्वयंपाकही होईल त्यांच्याकडून, तेवढाच विरंगुळा."

यांनी पत्र दोनदा वाचलं. "दादाला काय कळवायचं?"

वन्सं दारात कुणाचे तरी घडी घातलेले सदरे घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी जाईन की. इथलं मीटर माझ्यामुळेच पळतंय."

मी म्हटलं, "कुणामुळे पळतंय ते मी बघते."

शेवटी असं ठरलं: दोन महिने बघायचं. जानेवारीत येणारं बिल सातशेच्या आत असलं तर इस्त्री इथंच. नसलं तर वन्सं भाऊजींकडे. न्याय्य आहे. वन्सं राहिल्या काय नि गेल्या काय, मला त्याचं काही नाही. पण देवाने दिलेलं उधळणं हे पाप आहे, म्हणून मी हे काम मनावर घेतलं आहे.

४ नोव्हेंबर

मीटर जिन्याखाली आहे. चौरंगावर उभं राहून आकडा वाचला. रोज रात्री जेवणाआधी वाचणार.

मग घरभर फिरून कुठं काय जळतं ते पाहिलं. स्वयंपाकाची शेगडी विजेची, तिला उपाय शोधायचा. दिवे सात, गरज एकाची. वन्संची इस्त्री, ती तर राहणारच, तिच्यासाठीच सगळं चाललं आहे. म्हणजे, ठरलंय तसं. न्हाणीघरातला विजेचा बंब जुनाच आहे, पण कामाचा. पहाटे उठून तो लावायचा, आंघोळ करायची, तो पुन्हा भरायचा आणि प्रार्थनेला बसायचं, हा माझा लग्नापासूनचा क्रम. मी तासभर बसते तोवर बंब चालू राहतो, म्हणजे मी उठले की बाकीच्यांना पाणी तयार. एका खर्चात दोन कामं. त्यात कमी करण्यासारखं काही नाही.

प्रार्थनेची जागा न्हाणीघराच्या दाराशेजारी आहे. घर लहान, काय करणार. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती इथं लिहिते. गेल्या दोन हिवाळ्यांपासून डोळे मिटून बसले की थोड्या वेळाने अंगावरून एक ऊबदार झुळूक फिरते. गाल ओलसर होतात. डोळे उघडावेत तर दिव्याभोवती धुक्याचं कडं. मी त्याला काही नाव देत नाही. नाव दिलं की गर्व येतो.

९ नोव्हेंबर

आजपासून संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसायचं. हे वर्तमानपत्र घेऊन आले, चिमणी भूगोल घेऊन, वन्सं बटणं लावायचे सदरे घेऊन. मी घेवड्याच्या शेंगा निवडत होते.

"आई, तुझं डोकं माझ्या नदीवर आलंय," चिमणी म्हणाली.

"मग नदी सरकव."

"आत्या, तुझी सुई माझ्या पोटरीत."

"पोटरी सरकव," वन्सं म्हणाल्या.

यांना वाचायला उजेड पुरेना, म्हणून पेपर खाली ठेवून त्यांनी कचेरीतली गोष्ट सांगितली. एका दुकानदाराचं वजन आतून पोकळ निघालं. का पोकळ केलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, साहेब, उचलायला हलकं पडतं. वन्संना हसू आवरेना, बटण हरवलं. हे इतक्या वर्षांत घरी कधी कचेरीतलं बोलले नव्हते. झोपायला उशीर झाला. बोलायला वीज लागत नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही.

१७ नोव्हेंबर

वन्संकडे गणवेश टाकायला येणाऱ्या नर्सबाईंनी शेगडीवर उपाय सांगितला. त्यांची आजी करायची. भात किंवा शेंगा शेगडीवर जेमतेम उकळी येईतो ठेवायच्या, झाकण घट्ट लावायचं, आणि पातेलं तसंच जुन्या घोंगड्यांनी ठासून भरलेल्या पेटीत पुरून ठेवायचं. दुपारपर्यंत आपोआप शिजतं.

माळ्यावरची लाकडी पेटी काढली. चार घोंगड्या, दोन फाटक्या रजया, यांचा एक कोट. (कोट जुना आहे. ते म्हणतात नाही.) भात पुरला. थोड्या वेळाने शिजतोय का म्हणून उघडून पाहिला. पुन्हा पाहिला. मग वन्संना दाखवायला उघडला. जेवताना ताटात तांदूळ खडखडले. चिमणी म्हणाली, "छान आहे, फक्त चावायला सकाळपासून बसायला हवं होतं."

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एवढा विश्वास देवावर टाकता, थोडा पेटीवर टाका की."

बोललेलं लागलं. पण बरोबर होतं.

२५ नोव्हेंबर

पेटी जमली. युक्ती एकच, उघडायचं नाही. आज मी पेटीवर बसूनच राहिले, म्हणजे हात जाणार नाही. बसल्या बसल्या पोथी वाचली. शेंगा लोण्यासारख्या. यांनी दोनदा घेतल्या आणि कोटाबद्दल काही बोलले नाहीत.

एक किरकोळ तक्रार. बंबातलं पाणी पहाटे कोण वापरतं? मी काठोकाठ भरून प्रार्थनेला बसते, उठते तेव्हा चार बोटं कमी असतं. चिमणीला विचारलं. म्हणाली, "मी तेव्हा झोपलेली असते." मी म्हटलं, झोपेत माणूस काहीही करतो. तिने आत्याकडे पाहिलं, आत्याने तिच्याकडे. दोघींचं काहीतरी साटंलोटं आहे.

३ डिसेंबर

बिल ९३८. दोनशेहून जास्त कमी झालं, पण सातशे अजून लांब आहे, आणि थंडी तर आता कुठं सुरू होतेय.

यांच्या कोटाचे (नव्या) खिसे तपासताना भाऊजींना लिहिलेलं पत्र मिळालं. "निर्णय जानेवारीत कळवतो" एवढंच. नोव्हेंबरातलं आहे, टाकलेलंच नाही. विचारलं तर म्हणाले, तिकीट लावायचं विसरलो. मी तिकीट दिलं. संध्याकाळी पत्र पुन्हा खिशातच. म्हणाले, पेटी भरली होती. टपालपेटी कशी भरेल? यांचा विसरभोळेपणा वाढत चालला आहे, डॉक्टरांना दाखवायला हवं.

१० डिसेंबर

आज वन्संशी भांडण झालं.

दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट दर मंगळवारी येतात. या मंगळवारी आले नाहीत, गेल्या मंगळवारीही नाही. बँकेतल्या साहेबांचे सदरेही नाहीत. विचारलं.

"मीच नको म्हटलं," वन्सं म्हणाल्या. "मीटर कमी पळेल."

"गिऱ्हाईक परत पाठवलंत?"

"तुम्ही एवढं करताय. पेटीवर बसताय. मला बरं वाटेना."

"अहो, इस्त्री राहावी म्हणून मी पेटीवर बसते, आणि तुम्हीच इस्त्री बंद करून बसलात? रोग्याला वाचवायला वैद्य आणायचा आणि रोग्याने त्याला दारातून परत पाठवायचा, त्यातली गत."

"मी दादाकडे गेले तरी गिऱ्हाइकं जाणारच आहेत."

"कोण म्हणतं तुम्ही जाणार?"

"बिल म्हणतं."

मी चपला घातल्या आणि डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात रांग होती, मला वाटलं नंबर लागतो म्हणून बाकावर बसले. डॉक्टरांनी आत बोलावून खुर्चीत बसवलं, आ करा म्हणाले, मी आ केला. मग म्हटलं, मी दातांसाठी नाही, कोटांसाठी आलेय. सगळे कोट घेऊन आले. एक दाढ किडली आहे असंही त्यांनी फुकटात सांगितलं.

वन्संनी कोट घेतले, एकेक झटकून खुंटीला लावला. मग म्हणाल्या, रुमाल आणि उशीचे अभ्रे शेवटी ठेवते, इस्त्री बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत होतात. हे मला ठाऊक नव्हतं. त्या ते आधीपासूनच करत होत्या.

१५ डिसेंबर

तीन दिवस तापात गेले. उठवत नव्हतं. आंघोळ नाही, प्रार्थना नाही, लग्नानंतर हे पहिल्यांदाच. कपाळावर ओल्या पट्ट्या वन्संच ठेवत होत्या. एकदा "पड गं, उठू नकोस तू" असं कुणीतरी म्हणालं. आवाज वन्संचा होता. पण त्या मला कधी 'तू' म्हणत नाहीत, तेव्हा तापातला भास असणार. ऐकायला चांगलं वाटलं.

मीटर चिमणी वाचत होती. रोज नऊच्या आसपास जायचं, ते या तीन दिवसांत सहा, सहा, साडेपाच. डॉक्टरांच्या कोटांची इस्त्री चालू असताना. माझ्या दुखण्याची देवाला दया आली.

१७ डिसेंबर

काल बरं वाटलं म्हणून देवाचे आभार मानायला दीड तास बसले. मीटर दहा.

आज परीक्षा म्हणून फक्त चार ओळी म्हणून उठले. मीटर साडेसहा.

आकडे समोर आहेत. मी देवापाशी जितका जास्त वेळ, तितकी वीज जास्त. दुसरं काहीही बदललेलं नाही. मॅट्रिकला गणितात पहिली आलेली बाई हे नाकारू शकत नाही. पण मग याचा अर्थ काय? माझी भक्ती त्याला नको झाली आहे का? की तो सांगतोय की आधी घरातल्या माणसाला घरात ठेव, मग माझ्याकडे ये? दुपारभर रडू येत होतं.

१८ डिसेंबर

सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना आकडे दाखवले आणि स्पष्ट विचारलं, माझ्या प्रार्थनेने वीज जळते का?

हे खोकले. म्हणाले, असं एकदम म्हणता येणार नाही, आणि चहा अर्धा टाकून कचेरीत गेले. चिमणी छताकडे बघत राहिली. वन्संनी इस्त्री खाली ठेवली.

"वहिनी, बंब."

"बंबाचं काय?"

"तुम्ही डोळे मिटल्यावर थोड्या वेळात तो उकळायला लागतो. तुम्ही उघडेपर्यंत उकळतच असतो. न्हाणीघरात स्वतःचा हात दिसत नाही, इतकी वाफ."

"वाफ," मी म्हटलं.

"दारातून बाहेर येते. तुमच्या अंगावर."

मी खाली बसले. दिव्याभोवतीचं कडं डोळ्यांपुढे आलं. चार बोटं कमी झालेलं पाणीही आलं.

"हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"मग खटका का बंद केला नाही कुणी?"

"त्याचा आवाज होतो, वहिनी. गोळी सुटल्यासारखा. तुम्ही दचकाल."

"उठल्यावर सांगायचं."

"भावाला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, तू सांग. चिमणी म्हणाली, मी लहान आहे."

"अहो, तुमचं इथलं राहणं पणाला लागलं होतं."

वन्संनी इस्त्री उचलली. "प्रार्थनेत तुमचा चेहरा फार छान दिसतो. मला वाटलं, मी गेले तर गेले, तेवढं राहू दे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी घोंगड्या काय ठासल्या, यांचा कोट काय पुरला, पोरीला झोपेत पाणी चोरते म्हटलं. चिमणीची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको, माझ्या नदीवर डोकं आणू नकोस." मग मला हसू आलं, आणि आलं ते थांबेना. वन्सं हसल्या, चिमणी हसली. नर्सबाई गणवेश घ्यायला आल्या तर त्यांना वाटलं, काही आनंदाची बातमी आहे. म्हटलं, आहेच.

२० डिसेंबर

आता पाणी तापलं की खटका बंद, मग प्रार्थना. दोन दिवस मन लागलं नाही. गारठा, पाय बर्फ, धुकं नाही, काही नाही. नुसती मी आणि दिवा. खरं लिहायचं तर थोडी फसवल्यासारखी बसले होते. देवाला म्हटलं, तू वाफेत नव्हतास असं मी म्हणत नाही, पण वाफेवाचूनही असलास तर बरं होईल.

आज पहाटे मिटल्या डोळ्यांनी बसले होते, तर खांद्यांवर काहीतरी ऊबदार आलं. मी डोळे उघडले नाहीत, नाव दिलं नाही. उठल्यावर पाहिलं तर माझीच शाल, आत्ताच इस्त्री फिरवल्यासारखी. मागच्या खोलीत वन्सं कोटांना लागल्या होत्या.

"वीज जाळलीत ना?" मी विचारलं.

"बंद केलेल्या इस्त्रीने केली. उरलेल्या उष्णतेत."

"पहाटे पाचला उरलेली उष्णता कुठून आली?"

"वहिनी, दाढ दुखत नाही का तुमची? किती बोलता."

३ जानेवारी

बिल आलं. ७०६.

मी दोनदा गुणाकार केला, मीटरशी ताडून पाहिला. चूक नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सहाने काय होतं असं मलाही म्हणावंसं वाटलं, पण ठरलं ते सातशेच्या आत. मी म्हटलं, "सहा जास्त आहेत."

यांनी बिल हातात घेतलं, दिव्याजवळ नेलं, चष्मा काढला, पुसला, घातला. कचेरीत वजन तपासताना असंच करत असणार. मग म्हणाले, "आमच्याकडे शंभराला एकपर्यंतचा फरक फरक मानत नाहीत. वजन बरोबर समजून शिक्का मारतात. सातशेला सात चालतात, हे तर सहाच आहेत." आणि बिलावर सही केली, खाली तारीख घातली.

चिमणी आत्याच्या गळ्यात पडली. पण वन्सं हलल्या नाहीत. त्यांची पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली मला दिसली. सकाळीच भरली असणार.

"भावाचा शिक्का झाला," त्या म्हणाल्या. "वहिनी काही म्हणाल्या नाहीत."

या दोन महिन्यांत मी रोज आकडे म्हटले, पण तेवढं एक वाक्य म्हटलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मला असं बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "सातशे आठ आलं असतं तरी मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं."

"आठशे आलं असतं तर?"

"आठशेला थोडा विचार केला असता. पण नसतंच जाऊ दिलं."

"नऊशे?"

"नऊशेला मी भाऊजींकडे गेले असते. तुम्ही इथं राहून इस्त्री करायची, आणि पेटीवर बसायचं."

"तुम्हाला तिथं दोन दिवस करमणार नाही."

"इथंही करमलं नसतं," मी म्हटलं, "तुम्ही गेला असता तर."

वन्संनी पिशवी ओढली आणि एकेक कपडा काढून दोरीवर टाकायला लागल्या. सगळे चुरगळलेले. म्हणाल्या, "बघा, इतकी वर्षं लोकांचे कपडे करते, स्वतःचे भरताना घडी जमली नाही."

मी म्हटलं, "आण इकडे, मी घालते." तोंडातून 'आण' गेलं, 'आणा' नाही. त्यांनी ऐकलं आणि कपडे माझ्या मांडीवर टाकले.

रात्री पेटीतल्या भाताबरोबर दोन दिवे लावले. उधळपट्टी आहे, लिहून ठेवते.

४ जानेवारी

हे म्हणाले, दादाला आता पत्र टाकतो. मी म्हटलं, तुम्ही आधी तिकीट शोधाल, मग पेटी शोधाल. मीच लिहिते. नक्कल ठेवली आहे, ती अशी:

ती. भाऊजी आणि जाऊबाई यांस सा. न.

आपले पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला, त्याला कारण यांचे खिसे. वन्सं आपल्याकडे येणार नाहीत. त्यांचा मुक्काम इथे आहे आणि राहील. बिल ७०६ आले असून ते यांनी तपासून मंजूर केले आहे. आपल्या दुकानापुढचा ओटा रिकामा आहे असे आपण लिहिले होते, तो भाड्याने द्यावा, जागा फुकट ठेवणे बरे नाही. जाऊबाईंचा सकाळचा स्वयंपाक हलका व्हावा म्हणून घोंगडीच्या पेटीत भात कसा शिजवावा ते वेगळ्या कागदावर लिहिले आहे. मध्ये उघडू नये.

एक विनंती. वन्संचे पायाने चालवायचे शिवणयंत्र आपल्याकडे आहे, त्यावर सध्या कुंड्या ठेवल्या आहेत असे ऐकते. गल्लीत इस्त्रीबरोबर शिवणकामालाही मागणी आहे आणि त्या यंत्राला वीज लागत नाही. तरी कुंड्या उतरवून ते रेल्वे पार्सलने पाठवावे. खर्च निम्मा आमचा. आपल्याला तोशीस पडू नये म्हणून जोडकार्ड पाठवले आहे. उत्तराच्या अर्ध्यावर पत्ता मी लिहिला आहे, "यंत्र ______ तारखेस रवाना केले" एवढेही लिहिले आहे. आपण फक्त तारीख घालून उलट टपाली कळवावे.